मीठ निघेपर्यंत

हंसाबेनच्या साइट ऑफिसात बघण्यासारखी एकच गोष्ट होती, भिंतीवरचा तक्ता. बाकी पत्र्याची खोली, एक टेबल, डुगडुगणारा पंखा आणि मी. भाईंदरला जेसल पार्कच्या मागे, खाडीच्या अंगाला, जिथे रिक्षावाले ‘आगे रास्ता खराब है’ म्हणून उतरवून देत, तिथे आमची सात मजल्यांची इमारत चढत होती. पलीकडे मिठागरं. वारा सुटला की ओठ खारट व्हायचे आणि खिशातली काडेपेटी मऊ पडायची. मी बिलं आणि हजेरी बघायचो. कोण किती काम करतो ते बघायला इंजिनियर होता; कोण किती केल्याचं सांगतो, ते माझ्याकडे होतं.

तक्ता कौस्तुभने केला होता. हा आमचा इंजिनियर. वय अठ्ठावीस, मीरा रोडला आईबरोबर भाड्याने राहणारा, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. कॉम्प्युटरवर तक्ता काढून त्याची पानं छापली आणि खळीने एकमेकांना जोडून भिंतभर लावली. एका ओळीत एक काम: पाया, स्लॅब, विटा, गिलावा, रंग. उभ्या रेघा आठवड्यांच्या. प्रत्येक कामासमोर एक निळी पट्टी, म्हणजे हे काम इथपासून इथपर्यंत चालेल असं वचन. निळ्याच्या खाली तेवढीच कोरी जागा. काम पुढे सरकेल तशी ती जागा लाल स्केचपेनने भरायची. निळं म्हणजे ठरलेलं, लाल म्हणजे झालेलं. हंसाबेनला चष्म्याशिवाय दारातूनच वाचता येई, आणि आली की ती दारातूनच वाची.

शनिवारी लाल भरण्याचा कार्यक्रम असे. चहा, खारी बिस्किटं आणि हंसाबेन. नवऱ्यामागे धंदा हातात घेतलेली बाई. गोड बोलायची आणि गोड बोलून दर पाडायची.

“कौस्तुभभाई, लाल थोडं पुढे घ्या ने. सोमवारे बँकवाला येतोय.”

“बेन, विटा अजून खाली पडल्यात.”

“खाली पडल्यात म्हणजे आल्यात ने? आल्यात तर लागतील.”

कौस्तुभ लाल पुढे घ्यायचा. यात कुणाला पाप वाटत नसे. गिऱ्हाइकांचं कर्ज टप्प्याटप्प्याने सुटायचं, आणि बघायला येणारे साहेब जिने चढण्यापेक्षा तक्ता बघणं पसंत करायचे. त्या वर्षांत भाईंदरात जितक्या इमारती उठत होत्या तितक्यांची लाल पट्टी जरा पुढेच चालत असे. मागून काम येई. नाहीच आलं तर नवा तक्ता येई.

कौस्तुभला मात्र घाई स्वतःची होती. चारशे दोन नंबरचा फ्लॅट त्याने घेतला होता. सुरुचीशी त्याचं ठरलं होतं, आणि तिच्या वडिलांची, दशरथरावांची, अट एका ओळीची होती: आधी किल्ली, मग अक्षता. दशरथराव कांदिवलीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. तिथे जन्मभर हेच काम, कुठलं यंत्र कुठल्या आठवड्यात काय करील त्याच्या पट्ट्या आखायच्या. बोरिवलीचं एक स्थळही त्यांनी हातात राखून ठेवलं होतं आणि कौस्तुभसमोर त्या स्थळाबद्दल ते हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसं बोलत. “मुलगा साधाच आहे हो. पण घर स्वतःचं.”

पहिली गोष्ट घडली ती तिसऱ्या स्लॅबच्या वेळी. तारीख सांगत बसत नाही. शिमगा आठवड्यावर आला होता एवढं पक्कं, कारण लवू रोज त्याचीच आठवण करून देत होता.

लवू रत्नागिरीकडचा. स्लॅबवर पाणी मारणं हे त्याचं काम. काँक्रीट ओतलं की ते काही आठवडे ओलं ठेवावं लागतं. वर सिमेंटची आळी करून पाणी तुंबवायचं, आटलं की पुन्हा भरायचं. बांधकामातली ही ओळ अशी की माणसं वाढवून ती आखूड होत नाही. नुसतं थांबायचं असतं. लवूला पालखीसाठी गावी जायचं होतं आणि कौस्तुभने त्याला सांगून ठेवलं होतं, “पाण्याची पट्टी भरली की जा. तोवर हलायचं नाही.”

त्या दिवशी सकाळी लवू न्हाव्याकडून गुळगुळीत दाढी करून आला, माझ्याकडे विड्यांचा नवा बंडल नाचवत वर गेला. स्लॅब ओतून चारच दिवस झाले होते. दुपारी बँकेचा माणूस येणार म्हणून हंसाबेनचा फोन आला, आणि कौस्तुभने पाण्याची पट्टी एका दमात शेवटपर्यंत लाल करून टाकली. पेनाचं टोपण लावलं, मला म्हणाला, “अण्णा, चहा सांगा.”

चहा यायच्या आत लवू खाली आला.

दाढी बोटभर वाढलेली. गालफडं बसलेली. तळपायांची आणि बोटांची कातडी पाण्यात राहून पांढरी, सुरकुतलेली. दारात उभा राहून त्याने आधी माझ्याकडे विडी मागितली, मग विचारलं,

“शिमगा झाला काय वो?”

“अरे, अजून आठवडा आहे.”

“थट्टा करू नका अण्णानू. पालखी नाचून देवळात गेली असंल. मी वर बोंब मारतोय, कोनी आलाच नाय.” मग कौस्तुभकडे वळून, जरा मान खाली घालून, “तुमी बोललेलात हलायचा नाय. मी हललो नाय.”

कौस्तुभ हसला. “लवू, सकाळी घेतलीस का?”

लवू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ बघत राहिला. मग पंचाने डोळे पुसले, त्याच पावली एसटी स्टँडकडे गेला आणि परत कधी आला नाही. रत्नागिरीकडचा माणूस शिमग्याला गेला की परतायला उशीर करतोच, असं म्हणून मी त्याच्या नावापुढे रेघ ओढली.

बँकेचा माणूस आला तेव्हा आम्ही वर गेलो. सकाळी घोट्याभर पाणी होतं. आता आळी सुकून फुटली होती, कडेला शेवाळ उगवून, वाळून, काळं पडलं होतं. साहेबांनी बुटाच्या टाचेने ठोकून बघितलं आणि म्हणाले, “मस्त पिकलाय स्लॅब.”

पुढे तपासणीतही काँक्रीट पास झालं. मी कौस्तुभला एकदाच विचारलं.

“उन्हाळा कडक आहे, अण्णा. सिमेंट नव्या कंपनीचं आहे.”

“आणि लवूची दाढी?”

“दाढी रिपोर्टमध्ये येत नाही.”

मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. हिशेब जुळत असला की मी खोलात जात नाही. पण पावसाळ्यानंतर दुसऱ्या मजल्यावर संडास-बाथरूममध्ये गळती बघायला पाणी भरून ठेवलं, तेव्हा एका शनिवारी मी त्या मजल्यावरच्या चौकटीला लिंबू-मिरची बांधून खाली उतरलो. ताजं पिवळं लिंबू, हिरव्या मिरच्या. खाली कौस्तुभ त्या ओळीची लाल पट्टी भरून हात पुसत होता. छत्री वर विसरली म्हणून मी परत गेलो. चौकटीला लिंबू लोंबत होतं. सुपारीएवढं, काळं, खडखडीत. मिरच्या देठापासून गळून खाली पडल्या होत्या आणि त्यांच्यावर कोळ्याने जाळं करून सोडून दिलं होतं. माझ्या छत्रीच्या काड्यांना गंज चढला होता.

मी छत्री आणून कौस्तुभच्या टेबलावर ठेवली. त्याने ती बघितली. विचारलं काहीच नाही. मला तेव्हा कळलं की त्याला हे आधीपासून ठाऊक आहे.

“फक्त थांबायची कामं होतात,” तो हळूच म्हणाला. “विटांची पट्टी भरून बघितली. काही होत नाही. सुकणं, मुरणं, पिकणं. तेवढंच.”

“आणि आत कोणी असलं तर?”

“नसतं. मी बघून भरतो.”

त्याने नियमच करून टाकला. ज्या फ्लॅटचं काम आतून होत आलंय तिथे अनवाणी जायचं, चपला दाराबाहेर. मजूर म्हणाले, लादी खराब होऊ नये म्हणून साहेब काळजी घेतो. लाल भरण्याआधी कौस्तुभ जिना चढून जायचा, दाराबाहेर चपला नाहीत एवढं बघायचा आणि खाली येऊन पेन उघडायचा. हंसाबेनला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण शनिवारी ती ऑफिसच्या पुढे पाऊल टाकत नसे. “मला गुडघे दुखतात,” म्हणायची. मी एकदा भुताटकीचा विषय काढला तर हसली. “अण्णा, काम मोडेथी थाय, उशिरा होतं ने, त्याला भूत म्हणायचं. वहेलुं थाय, लवकर होतं, त्याला कोण भूत म्हणतं?”

असा वर्षभरात इमारतीचा निळा आणि लाल जवळजवळ एका रेषेत आला. अडलं ते मिठावर.

खाडीच्या वाऱ्याने म्हणा, वाळूत काही होतं म्हणून म्हणा, चौथ्या मजल्याच्या भिंतींना मीठ फुटलं. सकाळी पुसावं, संध्याकाळी पुन्हा पांढरी पिठी. शिवा पेंटरने बोटाने खरवडून सांगितलं, “सेठ, अभी रंग लगाया तो पापड़ निकलेगा. नमक अपने आप निकलने दो.” कौस्तुभला तक्त्यात एक नवी ओळ घालावी लागली: ४०२, मीठ निघणे. पट्टी मेअखेरपर्यंत गेली. लग्न वैशाखात धरलं होतं.

माघात साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, सासरची मंडळी फ्लॅट बघायला आली: दशरथराव, त्यांच्या पत्नी वासंतीबाई आणि सुरुची. सुरुची बोलायला मोकळी मुलगी. कालचीच काठाची साडी, केसांत गजरा, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत मेंदीने भरलेले. बोटांची टोकं, नखंसुद्धा गडद केशरी. मला हात पुढे करून दाखवले.

“अण्णा, रंग बघा काय चढलाय.”

“चढला की सासू मायाळू निघते म्हणतात.”

“सासू आहेच मायाळू. रंगाचं क्रेडिट कोनवाल्या बाईला द्या.”

आम्ही सगळे वर गेलो. वासंतीबाईंनी चौकटीला कुंकू लावलं. सुरुची पर्समधून मोजपट्टी काढून खिडक्यांकडे वळली, पडद्यांची मापं घ्यायला. दशरथरावांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

“कौस्तुभराव, हे मीठ आहे.”

“निघून जाईल, काका.”

“कधी?”

दशरथराव जिना उतरून थेट ऑफिसात आले, त्यांच्यामागे कौस्तुभ आणि मी. तक्त्यावर ती ओळ त्यांनी क्षणात शोधली. जन्मभर तेच केलेलं. निळ्या पट्टीच्या टोकावर बोट टेकवलं आणि तिथून बोट वर नेऊन महिना वाचला.

“वैशाखात लग्न, ज्येष्ठात भिंत सुकणार. मग मुलगी मांडवातून कुठे जाणार?”

“काका, महिनाभर आमच्या भाड्याच्या घरी—”

“ते आपलं ठरलेलं नाही.” आवाज अजिबात चढला नव्हता. “ही पट्टी भरलेली दाखवा, तारीख पक्की. नाहीतर काल अंगठी घातली, उद्या काढता येते. मी चहा घेऊन येतो.”

ते टपरीकडे गेले. बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती. तिचा पडदा अर्धा ओढलेला, आत वासंतीबाईंचा पदर दिसत होता. मायलेकी आत बसल्या असं मी धरून चाललो. कौस्तुभनेही तेच धरलं असावं.

तरी तो नियमाप्रमाणे जिन्याखाली जाऊन ओरडला, “कोणी आहे का वर?” वारा होता. उत्तर आलं नाही. तो चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन आला.

“चपला नाहीत दाराशी,” म्हणाला.

“कौस्तुभ, थांबता येतं रे.”

“मला येतं, अण्णा. त्यांना येत नाही.”

त्याने पेन उघडलं. पेन सुकत आलं होतं, कागदावर कुरकुरत होतं. फेब्रुवारी, मार्च. एप्रिलमध्ये त्याने पेन झटकलं. मेच्या शेवटच्या चौकोनात लाल नीट कोपऱ्यापर्यंत नेलं, बाहेर जाऊ दिलं नाही.

काही झालं नाही. कधीच काही होत नसे. पंखा डुगडुगत राहिला.

तेवढ्यात वासंतीबाई दारात आल्या.

“सुरुची आली का हो खाली? मघापासून रिक्षावाला कुरकुरतोय.”

कौस्तुभ तक्त्याकडे पाठ करून उभा राहिला.

“ती तुमच्याबरोबर नाही?” मी विचारलं.

“छे, वर मापं घेतेय ना.”

“पण दाराशी चपला—”

“मीच म्हटलं तिला, सँडल नव्या आहेत, पिशवीत घालून आत ने. साइटवर काय, कोणीही उचलेल.”

जिन्यात पावलं वाजली. अनवाणी, सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

सुरुची उजेडात आली आणि डोळ्यांवर आडवा हात धरून थांबली. साडीची खालची बाजू पांढरी, कडक. केसांत गजऱ्याचा नुसता दोरा. सँडलची पिशवी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ती आम्हा तिघांकडे पाळीपाळीने बघत होती, ओळखीची माणसं पारखून घ्यावीत तशी.

“एवढा वेळ काय करत होतीस गं?” वासंतीबाई म्हणाल्या.

तिने ओठ ओले केले. बोलायची सवय मोडल्यासारखा आवाज आला.

“मापं घेत होते.”

मग थोड्या वेळाने, “सगळी झाली.”

दशरथराव चहा संपवून आले ते आधी तक्त्यापाशी गेले. लाल पट्टी बघितली. मुलीकडे न बघता जिना चढून गेले. वासंतीबाई पदराने लेकीच्या कपाळावरची धूळ पुसत होत्या आणि ती पुसू देत होती.

दशरथराव खाली आले तेव्हा चेहरा मोकळा होता.

“कमाल आहे. बोटाला कण लागत नाही. मीठ सगळं खाली पडलंय, आणि कोणीतरी झाडून कोपऱ्यात ढीग करून ठेवलेत, अगदी नीट.” मग बायकोला म्हणाले, “कुंकू मात्र उडालंय हो. पुन्हा लावा.”

त्यांनी कौस्तुभच्या खांद्यावर थाप मारली. “तारीख पक्की. आणा किल्ली.”

कौस्तुभने खिळ्यावरची किल्ली काढली. दशरथरावांनी हात मागे घेतला. “मला कशाला? जिचं घर तिच्या हातात द्या.”

कौस्तुभने किल्ली पुढे केली. त्याचा हात स्थिर होता, एवढं मला आठवतं.

सुरुचीने पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा तळवा उघडला.

तळवा कोरा होता. मनगटही. नखं वाढून वळली होती, मुळापासून फिकी गुलाबी, आणि फक्त टोकांना, कापायच्या राहून गेलेल्या कडेला, केशरी रंगाची एक बारीक रेघ उरली होती.